संगणकाचा पडदा : इंच आणि ठिपके



नागपूरच्या नैर्ऋत्य अंगास प्रताप नगर नांवाची वस्ती आहे. नोकरदार, शिक्षक आणि पेन्शनीत निघालेले गृहस्थ यांचीं घरें, पुढें लहानसें अंगण, फाटक, आणि अंगणाकडे तोंड करून असलेली एक पुढची खोली. १९९० नंतरच्या दशकांत अशा वस्त्यांतील कित्येक पुढच्या खोल्यांत मेजावरचा संगणक येऊन बसला व फाटकावर मराठी-इंग्रजी टंकलेखन, लग्नपत्रिका, प्रबंध अशी पाटी लागली. घरच्या सुनेनें किंवा नुकत्याच पदवीधर झालेल्या मुलानें चालविलेला हा अक्षरजुळणीचा लहानसा कारखानाच होता. त्याला भांडवल बहुधा भविष्यनिर्वाह निधींतून काढलेल्या रकमेचें किंवा बँकेच्या कर्जाचें. अशा घरांत यंत्राची निवड चुकली तर त्याची भरपाई सहजासहजीं होण्यासारखी नव्हती. यंत्र घेतांना त्याच्या वेगाची चौकशी होई, स्मरणशक्तीची होई, छपाईयंत्राची तर फारच होई. ज्याच्या निवडीला विशेष विचार लागत नाहीं अशी समजूत होती तो भाग म्हणजे पडदा, ज्याला मॉनिटर म्हणतात. वस्तुतः दिवसाचे आठ-दहा तास डोळे ज्याला खिळून राहावयाचे तो हाच.

पडदा घ्यावयाचा म्हटला कीं बहुतेकांना एकच प्रश्न सुचे : किती इंची ? ही संवय दूरदर्शनच्या संचानें लावलेली. चौदा इंचीपेक्षां वीस इंची बरा, कारण क्रिकेटचा चेंडू मोठा दिसतो, एवढेंच त्यांत तत्त्व. दुकानदारही शिंप्याप्रमाणें फीत लावून दाखवीत व गिऱ्हाईक समाधान पावे. परंतु दूरदर्शनसंचापासून मनुष्य आठ-दहा फुटांवर बसतो, संगणकासमोर हातभर अंतरावर. एकांत चित्र पाहावयाचें असतें, दुसऱ्यांत अक्षर वाचावयाचें असतें. आणि पडद्यावरचें अक्षर इंचांचें बनलेलें नसून ठिपक्यांचें बनलेलें असतें. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. ज्या घराला मराठी मजकूर जुळवावयाचा आहे त्यानें पडद्याविषयीं पहिली चौकशी करावयाची ती ही कीं एका अक्षराच्या वांट्याला किती ठिपके येतात. इंचांचा प्रश्न त्यानंतरचा.

इंग्रजी लिहिणाऱ्याला हा भेद तितकासा जाणवत नाहीं. आय.बी.एम. कंपनीनें १९८१ सालीं आपला पहिला वैयक्तिक संगणक विक्रीस आणला तेव्हां पडद्याकडे चित्र पाठविणारीं दोन प्रकारचीं कार्डें त्याबरोबर मिळत. एक केवळ मजकुराचें, हिरव्या पडद्यासाठीं. त्यांत प्रत्येक अक्षराला ९ ठिपके रुंद व १४ ठिपके उंच अशी चौकट असे. दुसरें रंगाचें, त्यांत हीच चौकट ८ रुंद व ८ उंच. आठ-आठांच्या चौकटींत इंग्रजी अक्षर ओबडधोबड कां होईना, पण बसतें. देवनागरीची गोष्ट निराळी. आपली ओळ तीन मजली आहे. मधल्या मजल्यावर व्यंजन, त्याच्या माथ्यावर शिरोरेषा. तिच्यावर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार. आणि तळमजल्यावर उकार, ऋकार व पाय मोडल्याची खूण. 'मूर्तींत' हा एक साधा शब्द घेतला तरी म च्या खालीं दीर्घ उकार, आणि ती च्या डोक्यावर वेलांटी, रफार व अनुस्वार अशी तिघांची दाटी. 'विठ्ठल' हें नांव जुन्या वळणानें लिहावें तर त्यांतील जोडाक्षर एकाखालीं एक उभें राहतें. आठ ठिपक्यांच्या उंचींतून दोन वरच्या मजल्याला, एक शिरोरेषेला आणि दोन तळाला दिले तर व्यंजनासाठीं तीन उरतात. तीन ठिपक्यांत घ आणि ध, भ आणि म यांना एकमेकांपासून वेगळें काढणें कोणाही कारागिराला साधणारें नव्हे.

छापखान्यांतील जुन्या जुळाऱ्यांना ही अडचण नवी नव्हती. मुंबईच्या 'डिग्री' पद्धतीच्या टाइपांत मधलें अक्षर, वरचीं चिन्हें आणि खालचीं चिन्हें यांचे खिळे वेगवेगळे असत व एकेक ओळ तीन थरांत जुळवावी लागे. 'अखंड' पद्धतींत मात्रा-उकारांसह सबंध अक्षर एकाच खिळ्यावर ओतलेलें असे, आणि म्हणून जुळाऱ्यापुढें खणांचा पसारा मांडावा लागे. शिशाच्या खिळ्यांत जी जागेची मारामारी शंभर वर्षें चालली होती तीच कांचेवर पुन्हां सुरू झाली, एवढेंच.

या मारामारींत पहिली मदत आली ती एका थाई विद्यार्थ्याच्या हट्टांतून. व्हॅन सुवन्नकुल हा अमेरिकेंत शिकत असतां त्याला आय.बी.एम.च्या संगणकावर थाई लिपींत लिहावयाचें होतें. थाई लिपींतही स्वरांच्या खुणा अक्षराच्या वर आणि खालीं बसतात. मजकुराच्या कार्डाला तयार चौकटींबाहेरचें कांहीं काढतां येत नसे, आणि रंगाच्या कार्डाला उभे ठिपके अवघे २००. तेव्हां त्यानें ७२० आडवे व ३४८ उभे ठिपके एकेक करून उजळतां येतील असें नवें कार्ड बनविलें आणि १९८२ सालीं त्यासाठीं 'हर्क्युलिस' नांवाची कंपनी काढण्यांत भाग घेतला. हें कार्ड त्याच साध्या हिरव्या पडद्याला जोडतां येई. भारतांत एकरंगी पडदे पुष्कळ वर्षें या जातीच्या कार्डांवर चालले. आपल्या लिपीसारख्याच अडचणीच्या दुसऱ्या लिपीनें काढलेली वाट आपल्याही उपयोगी पडली, ही गोष्ट मुद्दाम लक्षांत ठेवण्यासारखी आहे. इकडे कानपूरच्या आय.आय.टी.मध्यें देवनागरीसाठीं चाललेल्या प्रयत्नांतून 'जिस्ट' ही रचना सिद्ध झाली आणि १९८८ सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या 'सी-डॅक' संस्थेनें ती पुढें चालविली. 'जिस्ट'चें कार्ड संगणकांत बसविलें कीं मुळांत इंग्रजीसाठींच लिहिलेल्या कार्यक्रमांतूनही भारतीय लिपींतील अक्षरें पडद्यावर येऊं लागत.

आतां इंचांचा हिशेब. १९८७ सालीं आय.बी.एम.नेंच 'व्हीजीए' नांवाची पद्धत काढली. तींत ठिपके आडवे ६४० व उभे ४८०. चौदा इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या नळीचा दिसणारा भाग कर्णानें सुमारें तेरा इंचच असे, कारण उरलेली कांच चौकटीखालीं दडलेली. तेरा इंच कर्णाच्या पडद्याची रुंदी सुमारें १०.४ इंच, म्हणजे एका इंचांत ६१ ते ६२ ठिपके. आतां समजा एखाद्या गृहस्थानें हौसेनें सतरा इंची पडदा आणला आणि कार्ड तेंच ठेवलें. दिसणारा भाग सोळा इंच, रुंदी १२.८ इंच, ठिपके तेच ६४०. इंचांत आले पन्नास. कणीक तेवढीच, पोळी मोठी लाटली म्हणजे ती पातळ होते. त्या पडद्यावर अक्षर मोठें दिसेल खरें, पण त्याच्या कडा करवतीच्या दांत्यांसारख्या दिसतील, आणि पूर्वीं न दिसणारी एकही ओळ नव्यानें दिसणार नाहीं. पैसे दुप्पट-तिप्पट गेले आणि मिळालें भिंग.

त्याच सतरा इंची पडद्यावर १०२४ आडवे व ७६८ उभे ठिपके आणले तर इंचांत ८० ठिपके येतात. अक्षर रेखीव होतें आणि पानाचा अधिक भाग दृष्टीस पडतो. परंतु ते ठिपके कांचेंतून उगवत नाहींत. ते कार्डाच्या स्मरणशक्तींतून येतात. २५६ रंग ठेवून एवढे ठिपके लक्षांत ठेवावयाचे तर ७६८ किलोबाइट लागतात, म्हणजे व्यवहारांत एक मेगाबाइटचें कार्ड. अर्ध्या मेगाबाइटचें कार्ड पदरीं पडलेल्या घराला हा मोठा पडदा निम्माच वापरतां येई. शिवाय पडदा आणि कार्ड यांची पत्रिका जुळली पाहिजे. जुने पडदे एकाच ठरीव गतीचे असत. आय.बी.एम.च्या मजकुराच्या पडद्याची आडव्या रेघांची गति सेकंदाला सुमारें १८,४०० रेघा, रंगाच्या पडद्याची सुमारें १५,७००, व्हीजीएची ३१,५००. भलत्या गतीचा संदेश दिला तर चित्र फाटे, आणि कांहीं जुने पडदे तर त्यामुळें कायमचे बिघडत. एन.ई.सी. या जपानी कंपनीनें १९८५ च्या सुमारास अनेक गतींशीं जुळवून घेणारा 'मल्टिसिंक' पडदा आणला तेव्हां हा जाच पुष्कळ कमी झाला.

ज्यांना पुस्तक किंवा प्रबंध जुळवावयाचा त्यांना पडद्याची रुंदी नको असते, उंची हवी असते. कागद उभा असतो. हें पहिल्यानें ओळखलें अमेरिकेंतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधकांनीं. त्यांच्या १९७३ च्या 'ऑल्टो' यंत्राचा पडदा कागदासारखा उभाच होता : ६०६ ठिपके रुंद, ८०८ उंच. पुढें १९८४ मध्यें ॲपल कंपनीनें 'मॅकिंटॉश' काढला त्याचा पडदा मात्र नऊ इंची, ५१२ बाय ३४२ ठिपक्यांचा. त्यावर इंचाला ७२ ठिपके असत, कारण मुद्रकांच्या मापानेंही इंचाचे सुमारें ७२ पॉइंट होतात, आणि म्हणून पडद्यावरचें अक्षर कागदावरच्या मापानेंच दिसे. सोय सुंदर, पण पान कसें बसावें ? ए-फोर कागद या मापानें ५९५ बाय ८४२ ठिपके मागतो. मॅकिंटॉशच्या पडद्यांत त्याची उंची निम्मीही मावत नसे. म्हणून 'रेडियस' नांवाच्या कंपनीनें ६४० बाय ८६४ ठिपक्यांचा उभा पडदा त्यासाठीं तयार केला. हे दोन आंकडे शेजारीं ठेवून पाहिले म्हणजे तो पडदा कोणत्या गरजेंतून जन्मला हें निराळें सांगावें लागत नाहीं. एकवीस इंची आडव्या पडद्याचेंही मर्म हेंच. त्याची दिसणारी उंची सुमारें बारा इंच, आणि ए-फोर कागदाची ११.७ इंच. सबंध पान एका नजरेंत येतें. समास, शीर्षक, तळटीप यांचा तोल छापण्यापूर्वींच कळतो. चौदा इंची पडद्यावर काम करणाऱ्यास तेंच पान वरखालीं सरकवीत तुकड्या-तुकड्यांनीं पाहावें लागे.

मोठ्या पडद्याच्या विक्रींत एक फसवी गोष्ट होती, आणि मराठी लिहिणारास ती विशेष जाचक. १०२४ बाय ७६८ ठिपक्यांचे स्वस्त पडदे पुष्कळदां 'इंटरलेस्ड' असत. आय.बी.एम.नें १९८७ मध्यें आणलेली या मापाची पद्धतही तशीच होती. अशा पडद्यावर सेकंदाला सत्त्याऐंशी वेळां चित्र उमटतें, पण प्रत्येक वेळीं अर्धेंच : एकदां विषम रेघा, एकदां सम. म्हणजे कोणतीही एक रेघ सेकंदाला सुमारें त्रेचाळीस वेळांच उजळते. छायाचित्रांत हें लपून जातें, कारण शेजारच्या रेघा एकमेकींची उणीव भरून काढतात. इंग्रजी अक्षरांतही आडवी रेघ तुटक तुटक असते. पण देवनागरीची शिरोरेषा म्हणजे शब्दाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारी, बहुधा एका ठिपक्याच्या जाडीची, सरळ आडवी रेघ. ती दोहोंपैकीं एकाच अर्ध्या चित्रांत सांपडते आणि सबंध पानभर सूक्ष्म थरथरूं लागते. दिव्याची ज्योत वाऱ्यानें कांपावी तशी तीस-चाळीस ओळींची थरथर आठ तास पाहणाऱ्या डोळ्यांची काय अवस्था होत असेल याची कल्पना करावी. दुकानांत दाखवावयास रंगीत चित्र लावलेलें असे; त्यांत हा दोष दिसत नसे. पडदा 'नॉन-इंटरलेस्ड' आहे आणि सेकंदाला निदान सत्तर-बहात्तर वेळां पूर्ण चित्र काढतो, एवढें विचारून घेणें हें इंच विचारण्यापेक्षां शतपटीनें महत्त्वाचें होतें.

रंगाविषयीं थोडक्यांत. रंगीत नळीच्या कांचेमागें जाळी असते आणि तिच्या छिद्रांतील अंतरावर चित्राची रेखीवता ठरते. हें अंतर ०.२८ मिलिमीटर असेल तर अक्षर स्वच्छ येतें. स्वस्त चौदा इंची पडद्यांत तें ०.३९ पर्यंत असे आणि मग ६४० ठिपके जेमतेम उमटत. एकरंगी नळीला जाळीच नसते, म्हणून तिचें अक्षर त्याच मापाच्या रंगीत पडद्याहून तीक्ष्ण. केवळ मजकूर जुळविणाऱ्या घरानें हात आंखडता असतां ढोबळ रंगीत पडद्यापेक्षां कागदासारखा पांढरा एकरंगी पडदा घेणें शहाणपणाचें होतें. पण पुढच्या खोलींत बसलेल्या गिऱ्हाइकावर रंगाची छाप पडते, हाही विचार धंद्याला करावा लागतो; त्याला नांवें ठेवण्यांत अर्थ नाहीं.

यंत्र कोठें ठेवावयाचें याचा विचार नागपुरांत जितका करावा लागतो तितका पुण्यास लागत नसेल. मे महिन्यांत येथील पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा पडद्यांना निर्मात्यांनीं घातलेली तपमानाची मर्यादा बहुधा ३५ ते ४० अंशांची, आणि मोठा रंगीत पडदा स्वतःच शंभर वॉटहून अधिक वीज खाऊन खोली तापवितो. त्यावर उपाय म्हणून वाळ्याचा कूलर आलाच. तो थेट पडद्यावर सोडला तर ओलावा व धूळ दोन्ही आंत जातात. नळीच्या आंत हजारों व्होल्टचा दाब असल्यामुळें ती धूळ लोहचुंबकाकडे कीस धांवावा तशी ओढून घेते. कूलरची मोटर पडद्याला खेटून असेल तर तिच्या चुंबकत्वानें चित्र डुलूं लागतें आणि रंगीत पडद्याच्या कोपऱ्यांत जांभळे-हिरवे डाग उमटतात. बिघाड म्हणून पडदा दुरुस्तीस पाठविण्यापूर्वीं मोटर चार हात दूर करून पाहावी. वीज गेल्यावर दहा मिनिटें काम सावरून घेण्यासाठीं जो यू.पी.एस. ठेवतात त्याचीही शक्ति मोठा पडदा झपाट्यानें शोषून घेतो. आणि एकवीस इंची पडद्याचें वजन तीस किलोच्या आसपास, खोली त्याच्या रुंदीइतकीच; घरांतील शिवणयंत्राचें मेज त्याला पुरत नाहीं. या सर्वांचा खर्च पडद्याच्या किमतींत धरला म्हणजे प्रताप नगरांतल्यासारख्या पुढच्या खोलीला सतरा इंची, थरथर नसलेला, ०.२८ च्या जाळीचा पडदा आणि त्याला साजेसें एक मेगाबाइटचें कार्ड हीच जोडी योग्य ठरे. एकवीस इंची शोभे तें बांधलेल्या छापखान्याला.

दुकानांत परीक्षा कशी करावयाची हें कोणत्याही माहितीपत्रकांत छापलेलें नसे, तरी ती सोपी होती. बारा पॉइंटांत, मूळ मापानें, एक ओळ लिहावयाची : चिता, चिंता, दिन, दीन, सुत, सूत, मूर्तींत, विठ्ठल. पडद्यापासून हातभर अंतरावर बसून ती मोठ्यानें वाचावयाची; मग तीच ओळ चारही कोपऱ्यांत नेऊन वाचावयाची, कारण मोठ्या नळींत मध्यभागीं स्वच्छ असलेलें अक्षर कोपऱ्यांत पसरतें. चिंतेवरचा अनुस्वार शिरोरेषेंत विरघळला कीं ती चिता होते, आणि उकाराची शेपटी दोन ठिपके आंखूड झाली कीं सूत सुत होतें. जुळणी करणारी व्यक्ति पडद्यावर जें पाहते त्यावरच मुद्रित तपासते. तिला जो अनुस्वार दिसला नाहीं तो लग्नपत्रिकेवर शेंकडों प्रतींत गेलेला असतो. आणि प्रबंधांतील तसली चूक तर परीक्षकाच्याच दृष्टीस प्रथम पडते.

पडद्यासाठींच अक्षर घडवावें हा विचार पुढें आला. र. कृ. जोशी यांनीं घडविलेला 'मंगल' हा टंक 'विंडोज २०००' बरोबर घरोघरीं गेला. छापखान्यांतील टंकांचीं नाजूक वळणें सोडून ठिपक्यांत टिकतील अशीं मोकळीं, उंच अक्षरें त्यांत आहेत.

नळीचे पडदे आतां बाजारांतून गेले. पोटमाळ्यावर पडलेला एखादा असेल तर तो फोडूं नये. त्याच्या कांचेंत शिसें असतें, आणि तो अधिकृत ई-कचरा संकलकाकडेच द्यावा. सपाट पडद्याला जाळी नाहीं, अर्धीं चित्रें नाहींत, कूलरच्या मोटरीची बाधा नाहीं. इंचांचा मोह मात्र तसाच आहे. बत्तीस इंची पडदा १९२० बाय १०८० ठिपक्यांचा घेतला तर इंचांत एकोणसत्तरच ठिपके येतात, १९८४ च्या त्या नऊ इंची मॅकिंटॉशपेक्षांही कमी. तेवढेच ठिपके चोवीस इंचांत घेतले तर इंचाला सुमारें ब्याण्णव, आणि अशा पडद्याची उंची पावणेबारा इंचांहून किंचित् अधिक. म्हणजे ए-फोर कागदाचें उभें पान त्यांत मूळ मापानें मावतें. सत्तावीस इंची पडदा ३८४० बाय २१६० ठिपक्यांचा असेल तर इंचाला एकशें त्रेसष्ट ठिपके होतात. त्यावर 'मूर्तींत' हा शब्द बारा पॉइंटांत लिहून पाहावा. अनुस्वार वेलांटीपासून सुटा, रफाराच्या शेजारीं, आपल्या जागीं गोल दिसतो.